तार जुनी, बिल नवं

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्याला एक चैन आहे, जी पुणेकराला, नाशिककराला किंवा नागपूरकराला नाही. वीज महाग वाटली तर तो कंपनी बदलू शकतो. राज्यात इतरत्र बहुतेक ठिकाणी महावितरण म्हणेल ती पूर्व दिशा. खुद्द मुंबईतही कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत बेस्ट आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण. खरी निवड सुरू होते ती वांद्र्याच्या पुढे. तिथे आज अदानी आणि टाटा या दोन कंपन्या एकाच इमारतीत, कधीकधी एकाच मजल्यावरच्या समोरासमोरच्या दारांना वीज विकतात.

ही निवड कशी आली, कोणी वापरली आणि तिचे पैसे शेवटी कोणी मोजले, हे मला थोडं आतून बघायला मिळालं. वीजदरांच्या याचिकांची आकडेमोड करून देणाऱ्या एका छोट्या कार्यालयात मी नोकरीला होते. आमच्याकडे कधी कारखानदारांची संघटना यायची, कधी एखादी मोठी गृहनिर्माण सोसायटी. कंपन्यांनी वीज नियामक आयोगाला सादर केलेली जाडजूड बाडं उघडायची, कुठला खर्च कुठल्या रकान्यात दडवलाय ते शोधायचं आणि सुनावणी चालू असताना वकिलांच्या हातात चिठ्ठी सरकवायची, हे माझं काम. संध्याकाळी घरी परतले की हेच काम फुकटात सुरू व्हायचं, कारण अख्ख्या नात्यात ‘वीजबिलातलं कळणारी’ मी एकटीच.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: दोन कंपन्यांत स्पर्धा आहे, मग ऑफर का नाहीत? मेलबर्नला राहणारी माझी भाची दर वर्षी सरकारी संकेतस्थळावर स्वतःचं बिल चढवते, सगळ्या कंपन्यांच्या योजना ताडून बघते आणि सरळ नवी कंपनी धरते. ती विचारते, ‘मावशी, तुम्ही घासाघीस करत नाही?’ करायची कोणाशी? मुंबईतल्या दोन्ही कंपन्यांचे घरगुती दर ठरतात एकाच ठिकाणी, कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, तेराव्या मजल्यावर. तिथे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग बसतो. एका भागात दोन परवानाधारक असतील तर फक्त कमाल दर ठरवून बाकीचं कंपन्यांवर सोपवायची मुभा कायद्यात आहे, पण आपल्याकडे दर छापून येतात ते आयोगाच्या आदेशातूनच. म्हणजे उपनगरातला ग्राहक दोन दुकानं फिरत नाही. तो एकाच आयोगाचे दोन आदेश शेजारी ठेवून वाचतो, आणि तेही कोणी वाचून दाखवले तर.

मुळात टाटांची वीज मुंबईत 1915 पासून आहे, खोपोलीच्या जलविद्युत केंद्रापासून. पण ती जायची गिरण्यांना, रेल्वेला आणि दुसऱ्या वितरकांना घाऊक. उपनगरातली घरं होती 1929 साली स्थापन झालेल्या बीएसईएसकडे. बीएसईएस पुढे रिलायन्सची झाली आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये हा सगळा व्यवसाय अदानींकडे गेला. टाटांच्या परवान्यात किरकोळ ग्राहकाला वीज विकणं बसतं की नाही, यावर दोन घराणी वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होती. 8 जुलै 2008 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बसतं. घरगुती ग्राहकाच्या दृष्टीने तो निकाल तेव्हा कागदावरच होता, कारण टाटांकडे वीज होती पण गल्लीबोळांत तारा नव्हत्या.

कागदाला जीव आला तो 2009 मध्ये. त्या जूनमध्ये रिलायन्सची दरवाढ मंजूर झाली आणि उपनगरांत रान पेटलं. विधानसभा निवडणूक तोंडावर. सगळ्या पक्षांना अचानक वीजबिल वाचता येऊ लागलं. 15 जुलैला आयोगाने दरवाढ स्थगित केली आणि कंपनीचे हिशेब तपासायचं काम हैदराबादच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजला दिलं. निवडणुकीचं मतदान झालं 13 ऑक्टोबरला, आणि 15 ऑक्टोबरला आयोगाचा अंतरिम आदेश आला: रिलायन्सचा ग्राहक तारा रिलायन्सच्याच ठेवून टाटांची वीज घेऊ शकतो. तारखा मी नुसत्या सांगते, त्यावरून काय समजायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

या व्यवहाराला धंद्यात ‘चेंजओव्हर’ म्हणतात. तार जुन्या कंपनीची, वीज आणि बिल नव्या कंपनीचं. नव्या कंपनीने स्वतःची तार तुमच्या मीटरपर्यंत आणली तर तो ‘स्विचओव्हर’. फरक फक्त तांत्रिक आहे असं समजू नका. तार ज्याची, त्याला वहन आकार द्यावा लागतो, आणि दोन कंपन्यांच्या तारांचा वहन आकार वेगळा असतो. त्यामुळे एकाच कंपनीच्या, तेवढीच वीज वापरणाऱ्या दोन ग्राहकांचा प्रतियुनिट खर्चसुद्धा वेगळा निघू शकतो. शेजारणीला काय दर पडतो ते विचारून आपला निर्णय घेणाऱ्यांची इथेच फसगत व्हायची.

अंधेरीत आमच्या ओळखीतल्या एका इमारतीत निम्मी बिऱ्हाडं टाटांकडे गेली होती. पावसाळ्यात एका रात्री खालची केबल जळाली आणि सगळीच इमारत गुडुप. चौथ्या मजल्यावरच्या काकू टॉर्च घेऊन सेक्रेटरींच्या दारात उभ्या. ‘अहो, आम्ही तर कंपनी बदलली ना? मग आमचे दिवे का गेले?’ सेक्रेटरी बिचारे रेल्वेतले निवृत्त. त्यांनी फार छान उत्तर दिलं, ‘काकू, तुम्ही तिकीट दुसरीकडून काढलंत, गाडी तीच आहे.’ आयोगापुढे तासन्‌तास चाललेल्या युक्तिवादांतसुद्धा हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. काकूंचं मात्र समाधान झालं नाही. तक्रार कुठल्या नंबरवर करायची, यावर जिन्यातच अर्धा तास चर्चा रंगली.

आता तुलनेकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. सोसायट्यांच्या सभांत मी पाहिलेली तुलना बहुतेक वेळा अशी असायची: कोणीतरी मे महिन्याचं बिल आणायचं, कोणीतरी दुसऱ्या कंपनीचं दरपत्रक, आणि एकूण रकमेला युनिटांनी भागून ‘आपल्याला नऊ रुपये पडतात, त्यांच्याकडे आठ’ असा निकाल. एका सभेत महालेखापालांच्या कार्यालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी हीच पद्धत फळ्यावर दोन दशांश स्थळांपर्यंत मांडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भागाकार अचूक होता, पण प्रश्नच चुकीचा निवडला होता.

घरगुती वीज कप्प्यांत विकली जाते: 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यावर. हिशेबासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एका कंपनीचा पहिल्या कप्प्याचा दर चार रुपये, दुसऱ्याचा आठ. दुसऱ्या कंपनीचा पहिल्याचा पाच, दुसऱ्याचा सात. ज्या घरात महिन्याला 180 युनिटं जळतात तिथे पहिली कंपनी 1,040 रुपये घेते आणि दुसरी 1,060. तेच घर मे महिन्यात एसी लावून 250 वर गेलं की पहिली 1,600 आणि दुसरी 1,550. म्हणजे मे महिन्याच्या बिलावरून निर्णय घेतला तर दुसरी कंपनी स्वस्त दिसते, आणि उरलेल्या महिन्यांत वापर 180 च्या आसपास राहिला तर दर महिन्याला वीस रुपये जास्त जातात. कप्प्याबद्दल दुसरा एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. 300 चं 301 झालं की सगळीच युनिटं महाग होतात, असं लोक मानतात. तसं नाही, वरचं एकच युनिट वरच्या दराने लागतं. कप्प्यागणिक स्थिर आकार बदलत असेल तर तो मात्र एकदम उडी मारतो.

शिवाय दरपत्रकातला आकडा हा बिलातला आकडा नसतो. वीज आकारावर वहन आकार, त्यावर इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर राज्य सरकारचं 16 टक्के वीज शुल्क. यातला इंधन समायोजन आकार फसवा. कोळसा आणि बाहेरून घेतलेली वीज महागली की तो वाढतो, आणि दोन्ही कंपन्यांचा एकाच महिन्यात सारखा नसतो. दरपत्रक बघून कंपनी बदलणाऱ्याच्या हिशेबात तो कधीच नसायचा. बिलाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो, बारीक अक्षरात, आणि मागची बाजू कोण बघतं?

सोसायटीचा सामायिक मीटर हे आणखी वेगळं प्रकरण. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचा दर घरगुतीच असतो, पण वापर पाचशेच्या कितीतरी वर. त्यामुळे सभासदांना जी कंपनी परवडते ती सामायिक मीटरला परवडेलच असं नाही. ‘सगळी इमारत एकत्र जाऊ’ हा ठराव ऐकायला बरा वाटतो, एकी दिसते. मी अशा ठरावाच्या वेळी नेहमी सांगायचे की सामायिक मीटर वेगळा मोजा. ऐकणारे थोडे. एका सोसायटीत खजिनदार बाईंनी ऐकलं, घरं एका कंपनीकडे आणि पंप दुसऱ्या कंपनीकडे ठेवला, आणि पुढच्या निवडणुकीत ‘घोळ घालणाऱ्या’ म्हणून त्या पडल्या.

सुनावण्यांचं वातावरण बाहेरच्याला अपेक्षित नसतं. टेबलांवर कागदांचे गठ्ठे, कंपन्यांच्या बाजूला वकील, सनदी लेखापाल, अभियंते अशी फौज. दुसऱ्या बाजूला मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याच्या प्रयास संस्थेसारखे मोजके अभ्यासू लोक, आणि मागच्या रांगेत चारदोन सामान्य ग्राहक. एकदा बोरिवलीहून एक आजोबा पिशवीभर बिलं घेऊन आले. नाव पुकारल्यावर उभे राहिले आणि म्हणाले, ‘साहेब, मला कायदा येत नाही. माझ्या घरात दोन पंखे, एक फ्रिज. ही बिलं बघा आणि तुम्हीच सांगा मी काय बंद करू.’ वकिलांनी स्मित केलं, पण त्या दिवसाच्या नोंदींत मी स्वतःसाठी उतरवून ठेवलं ते फक्त आजोबांचं वाक्य. आम्ही शेकडो पानं लिहून जे विचारत होतो, ते हेच होतं.

आता तो रकाना, ज्याच्याभोवती सगळं राजकारण फिरलं. दरयाचिकेत कंपनीला सांगावं लागतं की येत्या वर्षी आपल्याकडे किती ग्राहक असतील आणि ते किती वीज घेतील. चेंजओव्हर सुरू झाल्यावर त्यात एक नवा अंदाज आला: किती जण सोडून जातील. बाकी सगळं त्या एका आकड्यावर लोंबकळतं. तारांचा, उपकेंद्रांचा, पगारांचा, कर्जाच्या व्याजाचा खर्च ग्राहक गेला म्हणून कमी होत नाही, उरलेल्यांत वाटला जातो. जास्त लोक गेले की उरलेल्यांचा दर वाढतो. दर वाढला की आणखी जातात. आमच्या कार्यालयात आम्ही तो आकडा बदलून बघायचो आणि खालचा दर सरकताना पाहायचो. सुरुवातीला मजा वाटायची. नंतर कळलं की खालच्या ओळीत आमच्यापैकीच कोणाचीतरी आई बसलेली आहे.

कारण जात होते ते कोण? ज्यांचं बिल मोठं होतं ते. मोठ्या वापराचा ग्राहक चढ्या दराने पैसे भरतो आणि त्यातून छोट्या ग्राहकाचा दर खाली ठेवता येतो, याला क्रॉस सबसिडी म्हणतात. मोठा ग्राहक गेला की ती मलई गेली. रिलायन्सची आयोगापुढे तक्रार नेमकी हीच होती की टाटा वेचून वेचून मलईदार ग्राहक उचलते. टाटांचं म्हणणं, ग्राहकच अर्ज घेऊन दारात येतो, त्याला आम्ही नाही म्हणू शकत नाही. कायद्याने दोघेही बरोबर होते, आणि म्हणूनच भांडण इतकी वर्षं चाललं. 2011 मध्ये आयोगाने सोडून गेलेल्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार बसवला. मागच्या वर्षांची न वसूल झालेली येणी, ज्यांना नियामक मत्ता असं भारदस्त नाव आहे, तीही फक्त उरलेल्यांच्या माथी मारायची नाहीत असं ठरलं. कंपनी बदलून सहा महिने झालेला एक ग्राहक आमच्याकडे बिल घेऊन आला होता, त्यात जुन्या कंपनीच्या नावाचा आकार पाहून तो चक्रावला होता. ‘घटस्फोट झाला तरी पोटगी चालूच का?’ हा त्याचा प्रश्न. मी ‘हो’ म्हटलं.

22 ऑगस्ट 2012 ला आयोगाने आणखी कडक आदेश दिला. वर्षभरासाठी चेंजओव्हर फक्त महिना 300 युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांना, आणि टाटांनी ठरावीक भागांत स्वतःचं जाळं उभारायचं. छोट्या ग्राहकाला आधी संधी, हा विचार मला आजही योग्य वाटतो. पण जाळं उभारायचं म्हणजे रस्ते खणायचे, महापालिकेच्या परवानग्या घ्यायच्या आणि दाटीवाटीच्या जुन्या वस्त्यांत उपकेंद्राला जागा शोधायची. जागा कुठून आणणार? प्रकरण अपिलीय लवादात गेलं, 2014 च्या नोव्हेंबरमध्ये तिथून वेगळा निकाल आला, समिती नेमली गेली, आणि त्या समितीच्या कामातून आयोगाचा पुढचा मोठा आदेश यायला 2017 उजाडलं. एकाच गल्लीत दोन कंपन्यांच्या दोन तारा टाकून दोन्हींचा खर्च ग्राहकाच्याच बिलात घालायचा, ही स्पर्धा मला कधीच पटली नाही. असलेली तार दोघांनी वापरावी हेच शहाणपण.

बेस्टच्या भागात मात्र हा चेंजओव्हर नाही. बेस्ट पडली महापालिकेची. आपली तार दुसऱ्याला वापरायला देण्यातून स्थानिक स्वराज्य संस्थेच्या जुन्या वितरण उपक्रमांना कायदाच सूट देतो. परळच्या माझ्या आत्येबहिणीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे आमच्याकडे स्पर्धा फक्त बसची.’

ज्यांना कंपनी बदलायची मुभा होती पण बदलता आली नाही, त्यांचं काय? मालाडच्या एका चाळीत मी माहितीसाठी गेले होते. तिथे भाडेकरूंच्या खोल्यांचे मीटर मालकाच्या नावावर. ग्राहक म्हणजे मालक, अर्जावर सही त्याची, आणि बिल भरत होता भाडेकरू, म्हणून मालकाला घाई नव्हती. पुढच्या खोलीत मीटर स्वतःच्या नावावर होता, पण जुन्या बिलाची थकबाकी होती, आणि ती फेडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. तिसरीकडे कागद सगळे होते, पण बाई म्हणाल्या, ‘कामावर जाऊ की ऑफिसच्या रांगेत उभी राहू?’ निवडीचा फायदा कोणाला मिळाला हे समजायला त्या चाळीतला एक तास आमच्या तक्त्यांपेक्षा उपयोगी पडला.

वारं कायम एका दिशेने वाहिलं असंही नाही. 2009 मध्ये टाटा स्वस्त म्हणून लोक गेले. 2010 च्या उन्हाळ्यात टाटांकडून रिलायन्सला मिळणाऱ्या 360 मेगावॉटवरून वाद पेटला, राज्य सरकारला मध्ये पडावं लागलं. पुढे दरांतलं अंतर कमी झालं, कधी उलटलं. 2024 च्या मार्चमध्ये टाटा पॉवरला सरासरी सुमारे 24 टक्के दरवाढ मंजूर झाली, तेव्हा उलट्या दिशेने जायची चौकशी करणारे फोन मला येऊ लागले. त्यातले काही जण पूर्वी माझ्याच सांगण्यावरून गेलेले. परत जाता येतं, त्यात कमीपणा नाही. कंपनी म्हणजे काही कुलदैवत नव्हे.

आता हा प्रश्न मुंबईपुरता उरलेला नाही. मुलुंड-भांडुपपासून ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरणपर्यंतच्या पट्ट्यात समांतर परवान्यासाठी अदानींनी अर्ज केला, त्याविरुद्ध सरकारी वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी 4 जानेवारी 2023 ला संप पुकारला आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांशी बोलणी झाल्यावर त्याच दिवशी मागे घेतला. कर्मचाऱ्यांचा मुद्दा ओळखीचाच होता: भरघोस बिल भरणारे शहरी ग्राहक नवी कंपनी नेईल, कृषिपंप आणि दुर्गम खेडी महावितरणकडे राहतील. काहींनी त्यात फक्त नोकरीची भीती पाहिली. मी तो रकाना पाहिलेला असल्यामुळे मला त्यात हिशेबही दिसला. म्हणून परवाने देऊच नयेत असं मी म्हणणार नाही, पण अधिभार आधी ठरवा आणि ग्राहक मग हलू द्या. मुंबईत क्रम उलटा झाला, आणि मधल्या काळाची किंमत मागे राहिलेल्यांनी भरली.

कंपनी बदलायचा विचार असेल त्यांनी एक करावं: बारा महिन्यांची बिलं काढावीत, प्रत्येक महिन्याची युनिटं दोन्ही कंपन्यांच्या दरांत कप्प्यांनुसार बसवावीत, वहन आकार आपल्या तारेचा धरावा, इंधन समायोजन आकार दोन्हीकडचा, आणि मग वर्षाची बेरीज बघावी. महिन्याला शंभर रुपयांचाही फरक निघत नसेल तर अर्ज भरायच्या भानगडीत पडू नका. आणि दरयाचिकेवर सूचना-हरकती मागवणारी आयोगाची जाहिरात वर्तमानपत्रात दिसली तर पान उलटू नका. हरकत मराठीतून लिहिता येते, वकील लागत नाही, आणि मागच्या रांगेत जागा नेहमीच रिकामी असते.